दगडातील पानाची साक्ष

इतिहास म्हटला की बखरी, ताम्रपट आणि शिलालेख आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण लिहिणारा माणूसच जेव्हा जन्मला नव्हता, त्या काळाचा पुरावा कोठे शोधावयाचा? असा एक पुरावा म्हणजे दगडात उमटलेले झाडाचे पान. मात्र ताम्रपटाप्रमाणे तेही नीट वाचता आले पाहिजे. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या एकाच पानाची हकिकत पाहिली, तरी या वाचनाचे महत्त्व ध्यानात येईल.

तळ्याच्या गाळात पडलेले पान कुजण्यापूर्वीच त्यावर नवा गाळ साचला, म्हणजे कालांतराने गाळाचा दगड होतो व पानाचा ठसा मागे राहतो. रंग जातो, वास जातो. उरतात आकार, कडा आणि शिरा. यांपैकी आकार सर्वांत फसवा, कारण एकाच झाडावर लहानमोठी पाने असतात. म्हणून जाणकार शिरांकडे पाहतो. केळीच्या पानात मधल्या दांड्यापासून निघालेल्या शिरा समांतर कडेपर्यंत जातात. पिंपळाच्या पानात ठळक उपशिरा असून त्यांच्यामध्ये बारीक जाळी असते. ग्लॉसॉप्टेरिसमध्ये मध्यशीर ठळक असते. तिच्यापासून तिरप्या निघालेल्या, सारख्याच बारीक शिरा पुनःपुन्हा एकमेकींना मिळून लांबट घरांची जाळी विणतात. जाळी आहे, पण स्पष्ट मध्यशीर नाही, असे पान गँगॅमॉप्टेरिसचे समजतात.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ॲडॉल्फ ब्राँन्यार यांनी १८२८ मध्ये भारत व ऑस्ट्रेलिया येथील नमुन्यांवरून या पानाला नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जिभेसारखा नेचा’. आपल्या नागपूरचाही या कथेशी संबंध आहे. तेथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परिसरातील वाळूच्या दगडांतून अशी पाने जमविली आणि इंग्लंडमध्ये चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. कामठीचे नाव तर या खडकांच्या एका थरालाच मिळाले आहे. गोंडांच्या प्रदेशावरून या साऱ्या थरांना गोंडवन हे नाव पडले. पुढे आफ्रिकेतही हीच पाने असल्याचे पाहून ऑस्ट्रियाचे एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ मध्ये या प्रदेशांच्या प्राचीन जोडभूमीला ‘गोंडवनभूमी’ म्हटले.

यानंतरची साक्ष मिळाली ती अत्यंत करुण रीतीने. कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चार सोबती १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परतीच्या वाटेवर, फेब्रुवारीत, बिअर्डमोर हिमनदीच्या काठी डॉ. विल्सन यांना दगडांत पानांचे ठसे दिसले. युरोपातील बीच वृक्षाच्या पानांसारखी ती त्यांना वाटली. मात्र शिरा बीचहून दाट व नाजूक आहेत, हेही त्यांनी टिपून ठेवले. अंगात त्राण उरले नव्हते, तरी ३५ पौंडांचे ते दगड त्यांनी टाकले नाहीत. पाचही जण मरण पावले. नोव्हेंबरात शोधपथकाला त्यांच्या तंबूपाशी हे दगड सापडले. केंब्रिजचे सेवर्ड यांनी ते अभ्यासले आणि १९१४ मध्ये निर्णय दिला: पान बीचचे नव्हे, ग्लॉसॉप्टेरिसचे, आणि तेही ‘इंडिका’ या जातीचे!

म्हणजे आज जेथे गवताची काडी दुर्मिळ, त्या बर्फाळ भूमीवर पर्मियन काळात, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी व त्याही आधी, राने होती. आणि ती विदर्भातील रानांच्या जातकुळीची होती. मधली भूमी समुद्रात बुडाली, असे झ्यूस मानीत. वेगेनर यांनी खंडेच सरकली असे प्रतिपादिले, तेव्हा हेच पान त्यांच्या बाजूचे साक्षीदार ठरले. सागरतळाच्या संशोधनानंतर, १९६० च्या दशकात, खंडे सरकतात हे बहुतेकांनी मान्य केले.

एक चूक मात्र नावातच राहिली होती. दक्षिण आफ्रिकेतील एडना प्लमस्टेड यांनी १९५२ मध्ये पानांना जोडलेले फलनाचे अवयव दाखविले. नेच्याला बीज नसते. ही झाडे बीज धरणारी होती. म्हणजे शिरांवरून पानाची ओळख बरोबर पटली होती, पण कुळाचा तर्क सव्वाशे वर्षे चुकला. नाव तेच राहिले, समजूत बदलली. इतिहासाच्या अभ्यासकाने दगडापासून शिकावे ते हेच: पुराव्यात जेवढे आहे तेवढेच वाचावे, आणि नवा पुरावा आला की जुने अनुमान सोडण्यात कमीपणा मानू नये.