रेडिओचा कान कोणाच्या हाती?

नभोवाणीचा इतिहास लिहिणारे बहुधा मंत्र्यांची नावे लिहितात, केंद्रांच्या उद्घाटनांच्या तारखा लिहितात, ध्वनिक्षेपक किती किलोवॉटचा होता तेही लिहितात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो श्रोता मात्र त्या इतिहासात क्वचितच डोकावतो. तो आपला ओसरीवर बसून मुकाट्याने ऐकत असतो, असे गृहीत धरलेले असते. पण श्रोता मुका कधीच नव्हता. त्याच्यापाशी मत सांगण्याची दोन साधने होती. एक पोस्टकार्ड. आणि दुसरे, रेडिओची कळ फिरवून केंद्र बदलणे. आमच्या परभणीकडे त्याला 'कान पिळणे' म्हणतात. मास्तर पोराचा कान पिळतो तसा श्रोता रेडिओचा पिळतो. या दोन साधनांनी त्याने केवढाले फेरफार करून घेतले, आणि जेथे ती साधने त्याच्या हाती नव्हती तेथे त्याचे काय झाले, एवढेच या दिवाळीत सांगायचे आहे.

आरंभी परभणीच्या श्रोत्याच्या हाती काहीच नव्हते. आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादचे नभोवाणी केंद्र १९३५ साली निजाम सरकारने आपल्या ताब्यात घेतले, पुढे औरंगाबादलाही एक केंद्र झाले. दरबारची भाषा उर्दू, शाळेची उर्दू, तशी रेडिओची मुख्य भाषाही उर्दूच. त्या काळी शिकलेली आमच्याकडची माणसे घरात मराठी बोलत आणि अर्ज उर्दूत लिहीत. रेडिओ संच होते ते वकिलाच्या, देशमुखाच्या, एखाद्या बड्या अंमलदाराच्या वाड्यात. बाकीच्यांनी ऐकायचे ते दाराशी उभे राहून. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कोण विचारतो, की बाबा रे, निवेदक तुला आवडला का?

तरीही मराठवाड्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वर्तमान रेडिओनेच सांगितले. १७ सप्टेंबर १९४८ च्या सायंकाळी खुद्द निजाम हैदराबाद रेडिओवरून बोलला आणि युद्ध थांबल्याचे त्याने जाहीर केले. ज्याचा शब्द फर्मानातून खाली यायचा, तो राजा प्रजेच्या कानाशी येऊन बोलला. आज तो दिवस आम्ही मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो, शाळेत झेंडा लावतो. राजालाही शेवटी श्रोत्यांपुढे यावे लागले, हे मुलांना सांगताना मला नेहमी बरे वाटते.

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत सामील झाली. आता आपले राज्य, आपली भाषा, आपला निवेदक, असे मराठवाड्याला वाटले असेल तर त्यात नवल नाही. पण १९५३ साली औरंगाबादचे केंद्र बंद झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी २८ सप्टेंबरला नागपूर करारावर सह्या झाल्या आणि मराठवाड्याला महाराष्ट्रात न्याय्य वाटा मिळेल, असे वचन दिले गेले. आणि चारच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, पुण्याचे केंद्र सुरू झाले. परभणीचे कादंबरीकार बी. रघुनाथ गेले तेही त्याच साली. एकाचा दुसऱ्याशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे काही कारण नाही. पण एक गोष्ट उरतेच. वेळापत्रकातला एखादा कार्यक्रम काढला तर श्रोता कुरकुरतो. येथे तर मराठवाड्यातून केंद्रच्या केंद्र काढून घेतले गेले.

आता दृष्टी थोडी मराठवाड्याबाहेर नेली पाहिजे, कारण याच सुमारास साऱ्या देशाच्या श्रोत्यांनी रेडिओचा कान पिळला. १९५२ साली नभोवाणीचे मंत्री झाले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. माणूस मराठी, पुण्याचा, संगीताचा जाणकार. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. चित्रपटगीतांना कात्री लागली. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून ते सांगणेही बंद झाले. निर्माते रागावले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली. शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तोही त्याच साली. त्यात देशातले थोर गवई गात, आणि जो पोटभर ऐकू शके त्याने डॉक्टरांना दुवाच दिला. त्यांच्या बाजूने हे सांगितलेच पाहिजे. एरवी असे गाणे ऐकायला दरबारचे बोलावणे लागे; ते आता गावोगाव ऐकता येऊ लागले. पण आठवडाभर राबलेल्या माणसाने शनिवारी रात्री काय ऐकावे हे दुसऱ्याने ठरवले, की त्याचा हात आपोआप कळीकडे जातो.

तो तसा गेला. थेट सिलोनपर्यंत गेला. ३ डिसेंबर १९५२ या दिवशी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानी हे नाव घरोघर पोचले. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे ते पुढे सांगत. गंमत पाहा. गाणी मुंबईची, आवाज मुंबईचा, ध्वनिमुद्रणही मुंबईतलेच. फिती तेवढ्या विमानाने कोलंबोला जात आणि तेथून शॉर्टवेव्हवरून पुन्हा आपल्याकडे येत. घरचा लाडू शेजारणीच्या ताटातून खावा, तसला हा प्रकार! बिहारातल्या, आता झारखंडात असलेल्या, झुमरी तलैया नावाच्या लहानशा गावाने फर्माइशींची इतकी पत्रे धाडली, की ज्यांनी ते गाव नकाशावरही पाहिले नव्हते त्यांना त्याचे नाव पाठ झाले. गीतमालेची क्रमवारी ठरवताना तबकड्यांच्या खपाबरोबर श्रोतासंघांची मतेही विचारात घेत. श्रोत्याच्या मताला मोल आले ते असे.

सायानी आवडले ते केवळ गोड गळ्यामुळे नव्हे. त्यांच्या मातोश्री कुलसुम सायानी 'रहबर' नावाचे पत्र चालवीत. गांधीजींच्या सांगण्यावरून ते सोप्या हिंदुस्थानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. मुलाने त्यात काम केले आणि तीच साधी भाषा त्याच्या जिभेवर बसली. आकाशवाणीच्या हिंदीविषयी त्या काळी देशभर वाद चालू होता. कोणाला ती फार संस्कृत वाटे, कोणाला फार फारसी. सायानींनी वाद घातला नाही. ते 'बहनों और भाइयों' म्हणाले आणि बोलू लागले. बहिणींना आधी हाक मारणारा निवेदक स्वयंपाकघरात ऐकला गेला नसता तरच नवल. आणि उर्दूवर कान पोसलेल्या आमच्या मराठवाड्याला ती बोली परकी वाटण्याचे कारणच नव्हते. बुधवारी रात्री आठ वाजता जेवणे लवकर उरकत, एवढे मी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे.

श्रोता गेल्याचे सरकारच्या ध्यानात यायला पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला 'विविध भारती' सुरू झाली आणि पंडित नरेंद्र शर्मांसारखा कवी तिच्या उभारणीला मिळाला. केसकर तेव्हा मंत्रिपदावरच होते. ज्या गाण्यांना पुढच्या दाराने घालवले होते ती मागच्या दाराने आत आली आणि थोड्याच दिवसांत माजघरात पाट मांडून बसली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर येथे त्या गाण्यांबरोबर जाहिरातीही वाजू लागल्या. श्रोता पोस्टात वर्षाकाठी पंधरा रुपये भरून रेडिओचा परवाना घेत असे. त्याचे म्हणणे ऐकणे हे उपकार नव्हते, देणे होते.

श्रोत्याला धरून चालले म्हणजे काय होते, याचे उदाहरण पुण्याने घालून दिले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला 'गीतरामायण' सुरू झाले. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत, आणि तेच शनिवारी व रविवारी पुन्हा. कचेरीच्या घाईत ज्याचे शुक्रवारी हुकले त्याला रविवारी मिळे. गदिमांची लेखणी आणि बाबूजींचे स्वर यांचे कौतुक सर्वांनी केले, पण ही शनिवार-रविवारची योजना ज्याने आखली त्याला माझ्यासारखा वेळापत्रक करणारा मास्तर मनातून नमस्कार करतो. बावन्न आठवड्यांचा बेत होता. त्या वर्षी अधिकमास आला आणि गीते छप्पन्न झाली. पंचांगालाही आणखी चार गीते हवी होती म्हणा ना!

दुसरे उदाहरण १९५६ चे. पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. ऐकून झाले की मंडळींनी तेथेच चर्चा करायची, शंका आणि मते केंद्राला कळवायची आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तर द्यायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली आणि तो यशस्वी ठरवला. शेतकरी ऐकतो इतकेच नव्हे, विचारतो आणि मत देतो, हे त्यातून कागदावर आले. १९५९ पासून ही पद्धत देशभर नेली गेली.

त्या पाच जिल्ह्यांत परभणी नव्हती. आम्ही तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. शिवाय मध्यमलहरी दिवसा फार लांब पोचत नाहीत, दूर जाता जाता विरतात. रात्री मात्र आकाशातल्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैल पल्ला गाठतात. म्हणजे सकाळचे पुणे आमच्यापर्यंत यायचे कसे? आमच्या घरात गीतरामायण प्रथम आले ते रेडिओतून नव्हे, पुस्तकातून. ज्याच्यापर्यंत आवाजच पोचत नाही, त्याने निवेदकाविषयी मत ते काय द्यावे?

१९६८ साली परभणीला आकाशवाणीचे केंद्र झाले, तेव्हा औरंगाबादचे दार लावून पंधरा वर्षे उलटली होती. औरंगाबादला पुन्हा केंद्र झाले ते त्याच्याही नंतर. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असे आमच्या गावाला हिणवतात; यावेळी परभणीचेही बनले. १३०५ किलोहर्ट्झवर आपल्या जिल्ह्याचे नाव ऐकू आले, आपला कापूस, आपली ज्वारी, आपल्या गोदावरी-दुधनेचे पाणी यांविषयी कोणीतरी बोलू लागले. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ झाले आणि शेतीचे जाणकारही गावातच लाभले.

मग श्रोत्याला मत फुटले. हे मी लहानपणी माझ्या कानांनी ऐकले आहे. अमक्या निवेदकाचा 'ळ' नीट, तमकी बाई फार भरभर बोलते, रविवारची गाणी का कमी केली, क्रिकेटच्या समालोचनाने दुपार खाल्ली, अशा तक्रारी पारावर चालत. पोरांना समालोचन हवे, बायकांना गाणी हवीत, आजोबांना कीर्तन. आणि घरात रेडिओ एकच. कार्ड कोणी टाकायचे यावरून भांडण, टाकलेले कार्ड वाचले गेले की आठवडाभर मिरवणे. ही कुरकुर ऐकून मला आता वाटते, की आपलेपणाची खूण तीच. परक्याच्या घरच्या भाजीत मीठ कमी असले तर आपण गप्प बसतो. बोलतो ते आपल्या घरी.

जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा वृत्तविभाग बंद करून तेथील बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा हुकूम निघाला. पुण्याने एकच गिल्ला केला. वर्तमानपत्रे, पुढारी, जुने श्रोते, सारे बोलले, आणि थोड्याच दिवसांत केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांनी त्या हुकमाला स्थगिती दिली. सत्तर वर्षांपूर्वी जे औरंगाबादकडून गेले होते, ते या खेपेला तिकडे यायला निघाले होते. कोणी म्हणेल, मराठवाड्याच्या माणसाने या स्थगितीवर रुसावे. मला तसे वाटत नाही. पुणेकरांची सकाळची ७.०५ ची बातमीपत्रे त्यांनाच राहावीत. त्या श्रोत्यांनी रेडिओचा कान पिळला आणि आपला आवाज राखला, हे योग्यच झाले.

माझे मागणे एवढेच, की मोठ्या शहराची कुरकुर जेवढ्या लवकर दिल्लीला ऐकू जाते, तेवढ्याच लवकर सेलू-जिंतूर-पाथरीची जावी. रविवारचा एखादा कार्यक्रम हलवण्यापूर्वी, एखादा ओळखीचा आवाज थांबवण्यापूर्वी, तेथल्या ओसरीवर ऐकत बसलेल्या माणसाला कोणीतरी विचारावे. १९३५ साली तो दाराशी उभा होता. आता तो घरात बसला आहे, आणि आपले मत सांगायला शिकला आहे.