मसल कार आणि तिची क्लच प्लेट

अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना पुढच्या ट्रकमागून करपट वास आला, की गाडीतले काही न कळणारा माणूससुद्धा सांगतो, "क्लच प्लेट जळते आहे." एरवी क्लचची आठवण कोणाला होत नाही. इंजिन किती सीसीचे आणि गाडी किती पळते, एवढेच आपण विचारतो. अमेरिकेतल्या 'मसल कार' नावाच्या गाड्यांचा इतिहासही असाच इंजिनाच्या आकड्यांनी लिहिला गेला आहे. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे व्ही-८ इंजिन बसवायचे, ही मसल कारची सोपी व्याख्या. पण ते इंजिन ज्या चकतीच्या भरवशावर चाके फिरवत होते, तिच्या बाजूने पाहिले तर हा इतिहास थोडा वेगळा दिसतो.

आधी क्लचचे काम समजून घेऊ. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चक्र फिरत असते. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला त्या चक्रावर दाबून धरते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की पकड सुटते. या चकतीकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो. गाडी हलताना तिने अलगद घसरत पकड घ्यावी, आणि एकदा पकडल्यावर मात्र केसभरही घसरू नये.

सुरुवातीच्या मोटारींत हे काम चामड्याने मढवलेल्या शंकूकडून करून घेत. चामडे जळे, कडक होई. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षण देणाऱ्या पदार्थांचे प्रयोग केले. त्यांची फेरोडो कंपनी आणि तिच्यासारखे इतर कारखाने पुढे अ‍ॅस्बेस्टॉसकडे वळले. अ‍ॅस्बेस्टॉसचे लायनिंग लावलेली एकपाती कोरडी क्लच प्लेट विसाव्या शतकात सर्वत्र रुळली. त्याच वेळी अमेरिकेला क्लचचे पेडलच नकोसे झाले होते. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आणला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथला सामान्य गाडीवाला डावा पाय विसरला.

१९६४ साली पाँटियाक जीटीओ आली ती या वातावरणात. जनरल मोटर्सने मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा, मोठे इंजिन घालायचे नाही असा नियम केला होता. १९६३ मध्ये कंपनीने शर्यतींतूनही अंग काढून घेतले होते. पाँटियाकच्या जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रसेल जी या अभियंत्यांनी पळवाट शोधली. टेम्पेस्ट लेमान्स या गाडीवर मिळणारा 'जादा पर्याय' म्हणून त्यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन विकायला काढले. नवीन मॉडेल असते तर वरून मंजुरी लागली असती, जादा पर्यायाला ती लागत नव्हती. कचेरीत काम करणाऱ्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. पाच हजार गाड्या खपतील अशी अपेक्षा होती, पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या. तिच्यात मूळचा गिअरबॉक्स हाताने बदलायचा, तीन गिअरचा होता. चार गिअरचा हवा तर जादा पैसे. वडिलांच्या ऑटोमॅटिक गाडीला कंटाळलेल्या तरुणांना क्लच पुन्हा हवासा वाटू लागला.

मग चढाओढ लागली. क्रायस्लरचे ४२६ हेमी इंजिन १९६६ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांत आले, ४२५ अश्वशक्ती आणि सुमारे ६६४ न्यूटन-मीटर टॉर्कचे. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ ने तिच्या सर्वांत ताकदवान एलएस-६ इंजिनासह ४५० अश्वशक्ती आणि ६७८ न्यूटन-मीटरचा दावा केला. आपल्या जुन्या मारुती ८०० चा टॉर्क साठच्या आसपास, म्हणजे हा अकरा पट. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर रात्री सिग्नल ते सिग्नल अशा शर्यती लागत. सिग्नल हिरवा झाला की इंजिन गर्जे आणि पहिला मार बसे तो क्लचला.

क्लच किती टॉर्क पेलणार याचा हिशेब चार गोष्टींचा आहे: लायनिंगचे घर्षण, स्प्रिंगचा दाब, चकतीची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. यातली एखादी वाढवल्याशिवाय पकड वाढत नाही, आणि प्रत्येकीची काही किंमत मोजावी लागते. दाब वाढवला की पेडल दगडासारखे जड होते. लायनिंग धातू-सिरॅमिकचे घेतले तर ते उष्णता सोसते, पण अलगद पकडत नाही आणि गाडी हिसके देते. चकती मोठी केली तर ती फिरवायला जड आणि झटपट गिअर बदलायला अडचणीची. कारखान्याला गाडी सर्वांना विकायची असते, त्यामुळे तो मधला मार्ग काढतो. काही गाड्यांत तर फेरे खूप वाढलेले असताना गिअर बदलायला गेले की पातळ पाकळ्यांच्या डायफ्राम स्प्रिंगवाल्या क्लचचे पेडल तळालाच चिकटून राही. इंजिन जाहिरातीतल्याइतके दांडगे असे, पण जाहिरातीत नसलेला हा भाग बदलायचे काम गिऱ्हाइकाच्या अंगणात येई.

हे काम घराच्या गॅरेजमध्ये कसे चालत असे (आणि जुन्या गाड्या जपणारे आजही ते कसे करतात) ते पाहण्यासारखे आहे. गाडी भक्कम स्टँडवर उचलून प्रोपेलर शाफ्ट काढायचा, गिअरबॉक्स जॅकवर तोलून खाली उतरवायचा, जुनी प्रेशर प्लेट सोडवायची. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा आहेत का ते पाहायचे. डाग असतील तर फेसिंग करून घ्यायचे, भेगा असतील तर चक्रच बदलायचे. इंजिनाचे मागचे ऑइल सील गळत असेल तर आधी ते, कारण तेलाचा थेंबही महागड्या प्लेटची पकड घालवतो. नवी प्लेट बरोबर मध्यावर बसवायला भंगारातल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट वापरतात. आपल्या गॅरेजवाल्यांनाही हा उपाय ठाऊक आहे. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे, नाहीतर प्रेशर प्लेटचे कव्हर वाकते. गिअरबॉक्स बसवताना त्याचे वजन प्लेटवर लोंबू द्यायचे नाही. शिवाय बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचे घंटेच्या आकाराचे आवरण, इंजिनाच्या मध्याशी जुळते का हे डायल गेज लावून तपासायचे. इंचाच्या पाच हजारांश भागापेक्षा जास्त फरक चालत नाही. शेवटी सुमारे ८०० किलोमीटर गावातल्या गावात, जोर न करता गाडी चालवायची, तेव्हा नवे लायनिंग फ्लायव्हीलशी बसते. ताकदीसाठी केलेल्या या खटाटोपाचा शेवट संयमात होतो. घाई करणाऱ्याची नवी प्लेट पहिल्याच आठवड्यात करपते.

पण प्लेट करपली तर पैसे जातात, फ्लायव्हील फुटले तर पाय जातो. चौदा इंच व्यासाचे चक्र मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ४७० किलोमीटर होतो. ओतीव लोखंडाचे, उष्णतेने भेगाळलेले चक्र या वेगात तुटले, तर त्याचे तुकडे अ‍ॅल्युमिनियमचे आवरण आणि गाडीचा तळ फोडून वर येतात. आणि ते बरोबर चालकाच्या पायांशी असते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत जाड पोलादी आवरण आले. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा भाग तुटला. त्यांनी इंजिन चालकाच्या मागे ठेवणारी गाडी बांधली आणि १९७१ मध्ये तिनेच पोमोनाची विंटरनॅशनल्स शर्यत जिंकली. वेगवान गाड्यांच्या क्लच, फ्लायव्हील आणि आवरणासाठी आज तिथे एसएफआय या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. असे नियम कोरड्या कागदावर लिहिलेले दिसतात, पण त्यामागे कोणाचा तरी पाय असतो.

दुसरी हानी आवाज न करता झाली. क्लचच्या आवरणात साठलेली काळी धूळ मेकॅनिक कंप्रेसरच्या हवेने उडवून टाकत. ती अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ होती. श्वासातून गेलेले तंतू फुप्फुसांचे आजार आणि कर्करोग आणतात, तेही कित्येक वर्षांनी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८९ मध्ये घातलेली बंदी १९९१ मध्ये न्यायालयाने बरीचशी रद्द केली. शिल्लक वापरावर, गाड्यांच्या घर्षण-लायनिंगसकट, बंदीचा नियम मार्च २०२४ मध्ये निघाला. गार्लिट्स यांचा अपघात हजारो लोकांनी ऐकला. अंगणात, बंद गॅरेजमध्ये ती धूळ हुंगलेल्यांची नावे मात्र कोणत्या इतिहासात नाहीत.

मसल कारचा पहिला काळ फार टिकला नाही. विम्याचे हप्ते वाढले, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला, १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली. १९७४ नंतर मूळची जीटीओ बंद पडली. नावे पुढे परतली, पण डिसेंबर २०२३ मध्ये शेव्हरोले कॅमारो आणि डॉज चॅलेंजर या दोन्हींचे उत्पादन थांबले. २०२४ मध्ये डॉजने चार्जर डेटोना ही विजेवरची मसल कार काढली. तिला क्लच नाही.

ताकद निर्माण करणाऱ्याचे नाव होते आणि पेलणाऱ्याचे होत नाही, हे गाड्यांपुरते खरे नाही. हुकूम वरच्या मजल्यावर निघतो, त्याची झीज खालच्या टेबलावर होते. क्लच प्लेटचे एवढे तरी बरे, की ओझे हाताबाहेर गेले की ती घसरते, वास सोडते आणि जळण्याआधी आपल्याला सांगते. घाटात तो वास आला की पाय उचलावा आणि गाडीला जरा थांबू द्यावे.