२०० लिटरच्या ड्रममधील द्रावण ढवळण्यासाठी कमी खर्चाची साधने

फवारणी संपल्यावर ड्रम आडवा करून तळ पाहण्याची सवय तुम्हाला आहे का? तळाशी पांढरी किंवा निळसर साय दिसली, तर पैसे देऊन आणलेल्या औषधाचा काही भाग पिकावर गेलेलाच नाही. सक्शन पाइप तळाशी असतो. त्यामुळे खाली बसलेली भुकटी सुरुवातीला दाट खेचली जाते आणि नंतर पातळ पाणी उरते. पहिल्या ओळींची पाने करपतात, शेवटच्या ओळींत रोग तसाच राहतो. दोष मात्र औषधाला दिला जातो.

यावर उपाय म्हणून काही शेतकरी कारखान्यात वापरतात तसे मोटर-गिअरचे मिक्सर विचारतात. ती यंत्रे रंग, डिंक अशा घट्ट पदार्थांसाठी असतात. आपले द्रावण जवळजवळ पाण्याइतके पातळ असते, त्याला एवढ्या ताकदीची गरज नाही.

हाताने ढवळताना

साध्या काठीने गोल गोल फिरवले की पाणी काठीबरोबर फिरते, पण वरचे वर आणि खालचे खालीच राहते. भुकटी उलट तळाच्या मधोमध गोळा होते. पीव्हीसी पाइपच्या टोकाला भोके पाडलेली प्लॅस्टिकची जाड चकती बसवा आणि ती वर-खाली हलवा. ड्रम साधारण ३ फूट उंच असतो, म्हणून पाइप किमान साडेचार फूट घ्या, म्हणजे हात द्रावणाला लागणार नाही. जीवामृतासाठी हे साधन मला सर्वांत योग्य वाटते. शेण, गूळ, बेसन तळाला बसते, ते दिवसातून दोन-तीन वेळा उचलले गेले पाहिजे. कोणत्या दिशेने ढवळायचे यावर बरीच चर्चा होते. माझ्या मते तळ हलला का, एवढेच पाहावे. जीवामृताच्या ड्रमला घट्ट झाकण लावू नका, गोणपाट पुरते.

एचटीपी पंपाचा बायपास

पंप असेल तर ढवळणारे साधन तुमच्याकडे आधीच आहे. बायपासची नळी बहुतेक ठिकाणी ड्रमच्या तोंडावर लटकत असते. तिथून पडणारे पाणी फेस करते, तळ हलवत नाही. नळी तळापर्यंत सोडा, टोकाला वजन बांधा आणि तोंड सक्शनच्या विरुद्ध बाजूला करा. मात्र टोक फार बारीक करू नका, बायपास अडला तर पंपावर ताण येतो. गन चालू असताना बायपासला किती पाणी येते ते बादली व मोबाइलच्या घड्याळाने मोजा. मिनिटाला १० लिटर आले, तर २०० लिटर फिरायला २० मिनिटे लागतात. पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीसाठी हे कमी आहे, अधूनमधून हाताने ढवळावे लागेल. सर्व गन एकदम उघडल्या की बायपास कमी होतो, हेही लक्षात ठेवा. जीवामृत या पंपातून फिरवू नका, काडीकचरा अडकतो.

ड्रिल मशीनला रंग ढवळण्याची दांडी लावूनही काम होते. दांडी आखूड असते, ती वेल्डिंगवाल्याकडून वाढवून घ्या. वेग कमी ठेवा आणि दांडी मध्यभागी न धरता थोडी बाजूला धरा. ओल्या जागेत विजेचे ड्रिल धोक्याचे आहे, बॅटरीचे घ्या. ज्वलनशील द्रावकातील औषधांजवळ मात्र कोणतेच ड्रिल नको, ठिणगीची भीती असते.

कोणतेही साधन असो, भुकटी थेट ड्रममध्ये ओतू नका. आधी बादलीत थोड्या पाण्यात सरसरीत कालवा, मग अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये ओता. गुठळी एकदा झाली की ती यंत्रानेही सहज फुटत नाही.

बोर्डो मिश्रण

१ टक्क्याच्या २०० लिटर मिश्रणाला २ किलो मोरचूद आणि २ किलो कळीचा चुना लागतो. मोरचूद ढवळत बसू नका. कापडात बांधून पाण्याच्या वरच्या थरात रात्रभर टांगा. विरघळलेले जड द्रावण आपोआप खाली उतरते, ताजे पाणी वर येत राहते. सकाळी चुन्याची निवळी न घेता गाळलेले दूध वापरा, आणि दोन्ही द्रावणे तिसऱ्या ड्रममध्ये एकाच वेळी ओतत ढवळा. इथे लोखंडी दांडी चालत नाही, तिच्यावर तांबे चढते. लाकूड किंवा प्लॅस्टिक वापरा आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.

भंगारातला ड्रम घेताना आधी त्यात काय होते ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर तो घेऊ नका. तणनाशकाचा ड्रम आणि ढवळणी कायम वेगळी ठेवा. २,४-डीचा अंश द्राक्ष आणि कपाशीला पुरतो.

ढवळणे नीट होते का, हे पाहण्यासाठी फवारणीच्या सुरुवातीला आणि शेवटी गनमधून एकेक पारदर्शक बाटली भरा, त्यांवर खूण करा. अर्धा तास स्थिर ठेवून तळाचा गाळ शेजारी शेजारी पाहा. थरांची जाडी सारखी नसेल, तर बायपासच्या टोकाची जागा बदलून पुन्हा तपासा. या बाटल्या नंतर पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका.