भानुमतीचं गाणं

मागच्या महिन्यात पनवेलच्या फडके नाट्यगृहात नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. आईला घेऊन गेले. 'कुलवधू'तलं पद सुरू झालं आणि आई हळूच म्हणाली, "शाळेच्या गॅदरिंगला मला हेच म्हणायचं होतं. अण्णा म्हणाले, घरात गा हवं तेवढं."

इतक्या वर्षांत हे मला ठाऊकच नव्हतं!

ज्या ज्योत्स्ना भोळे यांनी ते पद गाजवलं, त्यांची गोष्ट म्हणजे अण्णांच्या वाक्याला दिलेलं उत्तरच. जन्म १९१४ चा, गोव्यातल्या बांदिवड्याचा. माहेरचं नाव दुर्गा केळेकर. १ जुलै १९३३ ला 'नाट्यमन्वंतर'चं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आलं. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या, आणि नाटकाचं संगीत त्यांच्या यजमानांचं, केशवराव भोळ्यांचं. त्याआधी बायका रंगमंचावर नव्हत्या असं नाही, हिराबाई बडोदेकर होत्याच. पण अजून लोकांच्या डोळ्यांसमोर नायिका म्हणजे बालगंधर्व! अशा काळात संसारी बाईने उभं राहून बाईचं काम करायचं, आणि नाटक तरी कुठलं? ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी लिहिलेलं. लग्नाआधीच्या चारित्र्याची अट फक्त बाईलाच का, असं विचारणारं.

नंतर १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांचं 'कुलवधू' आलं, संगीत मास्टर कृष्णरावांचं. त्यातली भानुमती सिनेमात काम करून नाव कमावते, नवऱ्याला ते सोसत नाही, आणि शेवटी ती घराबाहेर पडते. हे वळणही नॉर्वेचंच, इब्सेनच्या नोराचं. गंमत बघा, बाहेर काम केल्यामुळे जिचा संसार मोडतो ती भानुमती रंगवत होत्या ज्योत्स्नाबाई, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र गाणं दोघांचं होतं.

ते पद आज लोकांना पाठ आहे. भानुमती घर का सोडते, हे फारसं कुणाला आठवत नाही. प्रेक्षकांनी गाणं घरी नेलं, प्रश्न तिथेच ठेवला. अण्णांनीही तेच केलं असावं. त्यांना गाणं आवडत होतं, फक्त ते माजघरातच हवं होतं.

ज्योत्स्नाबाई २००१ साली गेल्या.

परतताना रिक्षात आईला म्हटलं, "आता म्हण की." "आता कुठला आवाज," म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हणत होती. एक शब्द चुकला नाही.

असो.