कोठाराच्या दाराशी पर्जन्यपात्र

कौटिल्याने अर्थशास्त्रात सन्निधात्याची, म्हणजे राजाचा कोष व कोठारे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना कोठारापाशी हातभर तोंडाचे एक पात्र पावसाचे माप घेण्यासाठी मांडून ठेवावे अशी आज्ञा केली आहे. आणि पुढे शेतीच्या अध्यक्षाचे प्रकरण लिहिताना देशोदेशींचे पर्जन्यमान द्रोण या मापात दिले आहे. अवंतीस २३ द्रोण, अश्मकास १३ द्रोणांच्या आसपास, आणि अपरांतास, म्हणजे आपल्या कोकणास, अमित. अश्मकांची राजधानी मांजरा जिथे गोदावरीस मिळते त्या परिसरातील बोधन येथे होती, असे बहुतेक विद्वान मानतात. आणि तीच मांजरा त्याआधी बिदरच्या मुलखातून वाहत येते. बिदर‑गुलबर्ग्याच्या सीमाभागातील पावसाचा इतिहास लिहावयाचा तर तो या पात्रापासूनच लिहिला पाहिजे, कारण ते पात्र ऋषीच्या आश्रमात नव्हे, तर धान्याच्या कोठारापाशी ठेवलेले होते.

कोकणच्या शेतकऱ्यास पाऊस येईल की नाही हा प्रश्न सहसा पडत नाही. तो केव्हा थांबेल एवढीच त्याची चिंता. परंतु अरबी समुद्रावरून येणारे मेघ सह्याद्रीवर रिते होऊन जेव्हा पूर्वेस सरकतात, तेव्हा भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांच्या वाट्यास बहुधा त्यांची छायाच येते. येथील पावसाची खरी भिस्त बंगालच्या उपसागरात उठून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर असते, आणि ते पट्टे कधी येतात, कधी वाटेतच उत्तरेस वळतात. बिदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर वर्षाकाठी सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भीमेकाठच्या काळ्या रानात त्याहून कमी. पण सरासरी हा शब्द ज्याने तिफण बांधून आभाळाकडे पाहत पंधरवडा काढला आहे, त्याच्या उपयोगाचा नाही. पाऊस किती पडेल यापेक्षा कोणत्या आठवड्यात पडेल, यावर येथे मूग‑उडदाचे आणि तुरीचे भवितव्य ठरते.

म्हणूनच या भागात भाकिताची विद्या जुनी आहे. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाचा पाला खाऊन मंडळी देवळात जमत, जोशीबुवा नव्या संवत्सराचे फल वाचीत, यंदाचा मेघाधिपती कोण आणि पाऊस किती आढक हे सांगत, आणि कोपऱ्यात बसलेला म्हातारा शेतकरी तेवढे एक वाक्य पुन्हा वाचावयास लावी. मग मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक नक्षत्राचे वाहन पाहिले जाई: सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजावे, नवाने भागावे, आणि शेषावरून बेडूक, म्हैस, हत्ती की कोल्हा हे ठरवावे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनांचा. आणि ज्या घरात मराठी व कानडी दोन्ही नांदतात तेथे पूर्वाला हुब्बा म्हटल्याने पावसात काही फरक पडत नसे. याखेरीज कावळ्याने घरटे आंब्यावर बांधले की बाभळीवर, मिरगाचा तांबडा मखमली किडा ओल्या ढेकळावर दिसला की नाही, मुंग्या अंडी घेऊन कोणीकडे निघाल्या, या खुणा होत्याच.

या विद्येची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. नक्षत्रांच्या त्या यादीत पिढ्यांनी पाहिलेल्या पावसाचे वेळापत्रक साठवलेले आहे, आणि कोणत्या नक्षत्रात काय पेरावे हे त्याच यादीवरून ठरत आले आहे. तिची मर्यादा दुसरीच आहे. नाक्षत्र वर्ष हे ऋतुवर्षाहून सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्यामुळे दर ७१‑७२ वर्षांनी नक्षत्राची तारीख ऋतूच्या मानाने एक दिवस पुढे जाते. वराहमिहिराच्या काळापासून आजवर हे अंतर तीन आठवड्यांच्या घरात गेले आहे. शिवाय ही यादी पाऊस सामान्यतः केव्हा पडतो ते सांगते, यंदा दगा देईल का ते सांगत नाही.

आणि दगा तर या भूमीने वारंवार सोसला आहे. पंधराव्या शतकातील दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी बादशहाचे कोठार भुकेल्या रयतेस लुटू दिले, आणि जाब विचारण्यासाठी त्यांना बिदरला नेले जात असता विठोबाने महाराच्या वेषाने दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरली व पावती घेतली, ही कथा मराठी मुलखात कोणास ठाऊक नाही? भक्तीच्या अंगाने ती आपण शेकडो वेळा ऐकली. परंतु राज्यकारभाराच्या अंगाने पाहिली तर तिचा मथितार्थ एवढाच की, पाऊस चुकला तर कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याने उत्तर दिले पाहिजे. पुढे शके १७९८ व १७९९ या दोन वर्षांत, म्हणजे १८७६ ते १८७८ मध्ये, दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला त्याला कानडी लोक धाता आणि ईश्वर या संवत्सरांच्या नावांनी आजही ओळखतात. ज्या संवत्सरांची नावे पाडव्याला मंगल म्हणून उच्चारली जात, तीच मरणाची खूण होऊन बसली.

हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले होते. या दुष्काळाने त्यास कामाची निकड दिली. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा पावसाशी संबंध जोडून १८८६ पासून मोसमी पावसाचे भाकीत प्रसिद्ध केले, आणि १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुभाराच्या नोंदी ताडून पाहता पाहता दक्षिणी आंदोलनाचा शोध लावला. १९२८ मध्ये या खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. इकडे हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली उभारलेली निजामिया वेधशाळा १९०८ मध्ये सरकारच्या ताब्यात आली. आणि त्याच वर्षीच्या २८ सप्टेंबरला, हस्त लागतो न लागतो तोच, मुसी नदीने हैदराबाद शहरात हजारोंचे प्राण घेतले. पंचांगात हस्त होता, पण त्या रात्री तो किती बरसेल हे सांगणारा कोणी नव्हता.

गावाशी मात्र शास्त्राची पहिली ओळख वेधशाळेने नव्हे, तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकाने करून दिली. पाच इंच व्यासाचे नरसाळे, त्याखाली बाटली, भोवती तारेचे कुंपण. सकाळी कारकुनाने कुलूप काढावे, बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतावे, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेशी आणावा, आकडा वहीत टिपावा. तो आकडा गिरदावराकडून तहसीलदाराकडे, तेथून अव्वल तालुकदाराकडे जाई, आणि आणेवारी, सूट, तहकुबी, तगाई हे सारे त्याच्या आधाराने ठरे. पात्र पुन्हा कोठारापाशी, खजिन्याच्या दाराशीच उभे होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद व नारायणखेड आंध्रात, आणि भालकी, औराद, हुमनाबादसह उरलेला भाग म्हैसुरात गेला. तेव्हापासून निलंग्यावर जो ढग मराठवाड्याचा म्हणून गणला जातो, तोच शीव ओलांडून भालकीवर आला की उत्तर अंतर्गत कर्नाटकाचा होतो. १९८८ मध्ये कर्नाटकाने दुष्काळावर नजर ठेवणारा कक्ष स्थापला, आणि आता ग्रामपंचायतींत बसविलेली स्वयंचलित पर्जन्यमापके दर काही मिनिटांनी आपली नोंद बंगळूरला पाठवितात. पात्र कचेरीतून गावात आले, ही मोठीच प्रगती होय.

परंतु माप वर जाणे हा अर्धाच व्यवहार झाला. त्या मापावरून निघालेला सल्ला खाली, पेरणीच्या आधी, औरादच्या शेतकऱ्याला त्याच्या मराठीत आणि आळंदच्या शेतकऱ्याला त्याच्या कानडीत मिळाला, म्हणजे तो पुरा झाला. रयतेच्या शेतावरचा पाऊस सरकार दोन हजार वर्षे मोजत आले आहे. त्या मोजणीचे ऋण फेडण्याची वाट दामाजीपंतांनी दाखवून ठेवली आहे: मापात पाणी कमी दिसेल त्या दिवशी कोठाराचे दार उघडले पाहिजे, आणि ते हुकमाची वाट न पाहता.