दिवेआगर : वाळूच्या अलीकडचा इतिहास

श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला येणारा पाहुणा गाव ओलांडून थेट पुळणीवर जातो. सुमारे चार किलोमीटरचा सपाट किनारा, सुरूची रांग, केवड्याची बने. संध्याकाळी फिरायला इतकी निवांत जागा कोकणातही विरळाच. पण या गावाचा इतिहास पाहायचा तर समुद्राकडे पाठ करून उभे राहावे लागते. तो वाळूच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत आहे.

गावाचे नावच ते सांगते. कोकणात आगर म्हणजे समुद्रालगतची बागायत. मिठाच्या वाफ्यांनाही आगरच म्हणतात. दोन्ही अर्थांत मुख्य गोष्ट एकच : खाऱ्या पाण्याच्या काठावर माणसाने कष्टाने बांधून काढलेली जमीन. गावाची रचनाही तशीच. रस्त्याला तोंड करून घर, मागे विहीर आणि वाडी, तिच्यापलीकडे सुरू, मग पुळण. समुद्र हा घराच्या परसदारी. जुना दिवेआगरकर समुद्राला ओळखून होता, पण त्याचा संसार उभा होता पोफळीवर.

या वाड्यांच्या गावाने मराठीला एक मोठा ऐवज दिला आहे. तो म्हणजे शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा मराठी ताम्रपट. आक्षी येथील शिलालेख शके 934 चा, म्हणून त्याहून जुना मानला जातो. मात्र त्यातील वर्षाच्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद कसाही सुटो, दिवेआगरचा ताम्रपट मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत राहणारच. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात त्याचा विचार झाला आहे.

तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहार राजा मम्मुणी ऊर्फ माम्वाणी याची सत्ता होती. अंबरनाथच्या प्रसिद्ध शिवमंदिरातील लेखही त्याच्याच काळातला आणि योगायोगाने शके 982 चाच. पण अंबरनाथचा लेख संस्कृतात आहे आणि दिवेआगरचा मराठीत. एकाच राज्यात, एकाच शकवर्षात राजाच्या देवळाने संस्कृत वापरली आणि आगरातल्या लोकांनी आपला व्यवहार बोलीत कोरून ठेवला. मराठी लेखनाची सुरुवात केवळ राजदरबारात शोधणाऱ्यांनी या जोडीकडे नीट पाहावे. ताम्रपटात ‘घैसास’ हे आडनावही येते. साडेनऊशेहून अधिक वर्षांनंतर ते आपल्या ओळखीचे आहे!

या गावाची सर्वदूर कीर्ती झाली ती मात्र दुसऱ्या धातूमुळे. 17 नोव्हेंबर 1997 रोजी एका वाडीत काम चालू असताना तांब्याची पेटी सापडली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने होते. मुखवट्याचे वजन सव्वा किलोहून अधिक. सुवर्णगणेशाच्या दर्शनाला रीघ लागली. गावात घरगुती खाणावळी आणि राहण्याच्या सोयी वाढल्या. 24 मार्च 2012 च्या पहाटे दरोडा पडला. मंदिराच्या दोन पहारेकऱ्यांची हत्या झाली, मुखवटा गेला आणि चोरांनी तो वितळवला. 2017 मध्ये न्यायालयाने आरोपींना शिक्षा सुनावल्या. नोव्हेंबर 2021 मध्ये नव्याने घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. देव परत आला, असे भाविक म्हणतात आणि त्यांच्या भावनेपुरते ते खरेच आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र जुन्या कारागिराचा हात कायमचा पुसला गेला. सोन्याचे मोल वितळल्यावरही उरते, घडणीचे उरत नाही. मेलेली दोन माणसे तर कुठल्याच हिशेबात भरून येत नाहीत.

या दोन्ही ठेवी जिथे जपल्या गेल्या त्या आगरावरच 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ कोसळले. श्रीवर्धन तालुक्यातल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. इथल्या सुपारीचे, ‘श्रीवर्धनी रोठ्या’चे, नाव बाजारात मोठे. पण पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात आणि कोवळ्या रोपाला सावली लागते. ती सावली देणारी मोठी झाडेच पडली. केळी लावून, तिच्या आडोशाने पोफळ वाढवून बागाईतदाराला पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे लागले.

अशा वेळी वाडी विकून किंवा तोडून तिथे खोल्या बांधाव्यात, हा मोह समजण्यासारखा आहे. पर्यटनाने गावाला वाईट दिवसांत हातही दिला आहे. म्हणून किनाऱ्यावर फिरायला वाट, बसायला बाक होण्याला माझा विरोध नाही. पण त्या सुशोभीकरणासाठी सुरू-केवडा हटणार असेल आणि मागच्या वाड्या आक्रसणार असतील, तर पाहुणा ज्या निवांतपणासाठी येतो तो टिकणार नाही. तो निवांतपणा समुद्राइतकाच या मधल्या हिरव्या पट्ट्याने दिलेला आहे.

पुळणीवरून परतणाऱ्याने रूपनारायणाच्या देवळात जावे. विष्णूच्या त्या देखण्या मूर्तीभोवती दशावतार कोरले आहेत; ती शिलाहारकाळातील मानली जाते. पुढे मुक्कामाच्या घरी यजमानांना समुद्राची भरती विचारतो, तशी वाडीची खबरही विचारावी : वादळानंतर लावलेल्या पोफळी धरल्या का? या गावाच्या इतिहासाचे पुढचे पान त्या उत्तरावर अवलंबून आहे.