शिडाच्या होडीतील तेलाची टाकी

शिडाच्या होडीला तेल कशाला लागते, असे कोणीही विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. वारा फुकटचा खरा. परंतु बंदराच्या तोंडाशी तो नेमका पडतो. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापासून युरोप-अमेरिकेतील शिडाच्या होड्यांत एक लहानसे इंजिन बसू लागले, आणि इंजिनामागोमाग तेलाची टाकी आली. होड्यांचा इतिहास लिहिणारे शिडाविषयी नि डोलकाठीविषयी भरभरून लिहितात. टाकीकडे कोणी पाहात नाही. आम्ही आज टाकीकडेच पाहणार आहोत, कारण होडीच्या तळाशी वाकून काम करणाऱ्या माणसाची हकीकत तिच्यात आहे.

पहिल्या टाक्या धातूच्या होत्या. तांब्याचा पत्रा कारागीर वाकवी, सांध्याला डाख देई, आणि टाकी गळली तर पुन्हा डाख देई. पेट्रोल होते तोवर हे चालले. डिझेल आले तेव्हा कळले, की तांब्याच्या सहवासात ते लवकर बिघडते आणि त्यात चिकटा धरतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही डिझेलला मानवत नाही. साध्या लोखंडाला बाहेरून खारे पाणी खाते. अॅल्युमिनियम हलके, परंतु ओलसर जागी टेकून राहिले, की बारीक खड्डे पडत पडत एके दिवशी भोक पडते. प्रत्येक धातूने आधीच्याचा एक दोष घालवला आणि स्वतःचा एक आणला.

मग प्लॅस्टिक आले. त्याच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे. मार्च 1933 मध्ये इंग्लंडातील चेशायर परगण्यात, विनिंग्टन येथे, इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन हे दोघे एथिलीन वायू व बेंझाल्डिहाइड यांना 170 अंश उष्णतेत प्रचंड दाबाखाली एकत्र ठेवीत होते. त्यांना हवे होते ते मिळाले नाही. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ तेवढा चिकटलेला सापडला. पुन्हा करू गेले, तर स्फोट होऊ लागले. डिसेंबर 1935 मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग पुन्हा हाती घेतला. त्यांचे उपकरण गळत होते. दाब उतरला म्हणून त्यांनी आणखी एथिलीन सोडला. त्या वायूत ऑक्सिजनचा किंचित अंश होता, आणि त्याच्याच योगाने क्रिया सुरळीत झाली. आठेक ग्रॅम पांढरी भुकटी हाती आली. हेच पॉलिथीन. गळक्या सांध्याच्या कृपेने हाती लागलेल्या पदार्थाच्या आज न गळणाऱ्या टाक्या होतात, ही मौज ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

1939 साली कारखाना सुरू झाला, आणि महायुद्धात सारा माल रडारच्या तारांच्या वेष्टणाकडे वळला. पुढे 1953 मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाखाली अधिक टणक पॉलिथीन बनवून दाखवले. त्याची भुकटी साच्यात घालायची, आणि तो साचा भट्टीत दोन्ही अंगांनी फिरवायचा. भुकटी वितळून आतल्या बाजूला सारखी बसते. अशी टाकी एकसंध असते. गंज नाही, डाख नाही, तळाच्या वाकड्या जागेत बसेल असा आकार. विकणारे म्हणू लागले, हिला देखभालच नको.

कामगार चळवळीत आमची वर्षे गेली आहेत. “या यंत्राला देखभाल लागत नाही” असे वरचा माणूस म्हणाला, की देखभाल करणारा कमी करायचा बेत आहे, असे आम्ही समजतो. टाकीचीही तपासणी त्याच नजरेने केली पाहिजे.

पॉलिथीन पेट्रोल शोषून फुगते. लांबीत शंभराला दोनपर्यंत वाढ धरावी लागते. टाकी घट्ट पट्ट्यांनी आवळली किंवा चारी बाजूंनी कोंडली, तर तिला फुगायला जागा उरत नाही. पट्ट्याखालचा खिळा, स्क्रूचे टोक, रेतीचा कण होडीच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर तिला घासतात. पेट्रोलची वाफ तिच्या भिंतीतूनच हळूहळू बाहेर झिरपते. अमेरिकेच्या सरकारने त्यावर मर्यादा घालणारे नियम 2008 साली केले. शिवाय प्लॅस्टिकमधून वीज वाहून जात नाही. म्हणून तेल भरण्याच्या तोंडाची धातूची कडी तारेने जमिनीशी म्हणजे येथे पाण्याशी जोडावी लागते. नाहीतर एक ठिणगी पुरे.

डिझेलचा त्रास निराळा. शिडाच्या होडीत तेल महिनोन्‌महिने पडून राहते. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, पाणी तळाला जमते, आणि तेल नि पाणी जेथे भेटतात तेथे बुरशी वाढते. टाकी गंजत नाही म्हणून बुरशीला काही अडत नाही. शांत समुद्रात ती तळाशी निजलेली असते. वादळात घुसळून वर येते, गाळणी तुंबते, आणि इंजिनाची गरज लागते त्याच क्षणी ते बंद पडते.

आणि टाकी फुटली तर? पॉलिथीनला गोंद धरत नाही. साधे पॉलिथीन जाणता माणूस उष्णतेने सांधू शकतो. परंतु रेणूंचे आडवे सांधे घालून ज्याला अधिक बळकट केले आहे, ते पुन्हा वितळतच नाही. तांब्याच्या टाकीला डाख देणारा हात येथे निरुपयोगी ठरतो. टाकी बदलावीच लागते. पुष्कळ होड्यांत आधी टाकी बसवून मग वरचा तक्ता बांधलेला असतो, आणि जिन्याच्या तोंडातून ती निघत नाही. मग तो तक्ता करवतीने कापावा लागतो. बांधतानाच हात आत जाईल एवढे झाकण ठेवले असेल, तर पाणी उपसता येते, पट्ट्याखाली रबर सरकवता येते, आणि दिवा धरून पाहिले तर पांढुरक्या भिंतीतून तेलाची पातळीही दिसते.